जंतूच्या हाती दिलेली लस

१८९६ च्या ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत दाखल झाले तेव्हा मांडवीच्या गोदामांलगतच्या वस्तीत गाठीच्या तापाने, म्हणजे प्लेगने, माणसे पटापट मरत होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली मिळाली आणि हाताखाली मोजकी माणसे. त्या खोलीत मांसरसाने भरलेले चंबू मांडलेले असत आणि प्रत्येक चंबूत रसावर तुपाचे थेंब तरंगत असत. प्लेगचे जंतू या थेंबांना धरून खालच्या बाजूने वाढत आणि त्यांचे धागे रसात लोंबकळू लागत. चंबू हलवला की धागे तुटून तळाशी बसत आणि थेंबाखाली नवी वाढ सुरू होई. पुरेसे पीक साठले की हाफकिन तो रस ७० अंश सेल्सिअसला तासभर तापवत. जंतू मरत, पण शरीराला त्यांची ओळख पटेल एवढे त्यांचे अवशेष शिल्लक राहत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातल्या, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचली गेली.

मुंबईतली ही गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असते. तिच्या आधीची फारशी ठाऊक नसते. हाफकिन हिंदुस्थानात आले ते प्लेगसाठी नव्हे, पटकीसाठी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १८९२ मध्ये त्यांनी पटकीची लस तयार केली होती आणि ती जिवंत जंतूंची होती. पहिल्या टोचणीत अशक्त केलेले जंतू, दुसरीत मुद्दाम जहाल केलेले. १८९३ पासून बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानात हजारो लोकांनी ती टोचून घेतली. प्लेगच्या बाबतीत मात्र त्यांनी ही जोखीम घेतली नाही, जंतू मारूनच वापरले.

लसीच्या इतिहासाला इथेच दोन फाटे फुटतात. मेलेला जंतू निर्धोक असतो, बनवायला सोपा असतो, पण शरीर त्याची दखल बेताचीच घेते. जिवंत जंतू शरीरात शिरतो, काही दिवस टिकतो, खऱ्या रोगाच्या वाटेने जातो आणि त्यामुळे शरीराला अधिक खोल धडा देतो. फक्त तो नेमका किती दुबळा असावा हे ठरवता आले पाहिजे. गेल्या सव्वाशे वर्षांत जगातल्या अनेक प्रयोगशाळांनी या एका प्रश्नावर आयुष्ये घालवली. त्यातूनच पुढे एक विलक्षण कल्पना निघाली: जंतूला इतके वश करायचे की त्याच्याच रोगाशी नव्हे, भलत्याच विषाणूशी लढण्याची लस त्याने तोंडावाटे आपल्या आतड्यात पोचवावी. ही कल्पना अजून दवाखान्यापर्यंत आलेली नाही. पण तिच्या वाटचालीतून लस म्हणजे काय हे जेवढे कळते, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशातून कळेल. नांदेड-लातूरकडच्या वाचकाने ती समजून घ्यावी याचीही कारणे आहेत, ती ओघात येतील.

तोंडावाटे जिवंत जंतू देण्याचा पहिला मोठा प्रयोग फ्रान्समध्ये झाला. आल्बेर काल्मेत आणि कामीय गेराँ हे दोघे १९०८ पासून लील शहरातल्या प्रयोगशाळेत गाईच्या क्षयाचा जंतू बटाट्याच्या कापांवर वाढवत होते. त्यात ग्लिसरीन आणि गुरांचे पित्त मिसळलेले असे. दर तीन आठवड्यांनी जंतू नव्या कापावर घ्यायचा, असा त्यांचा क्रम. पहिल्या महायुद्धात लील जर्मनांच्या ताब्यात गेले, बटाटे मिळणे मुश्कील झाले, तरी हा क्रम तुटला नाही. १३ वर्षांत २३० हून अधिक वेळा जंतू असा हलवला गेला आणि रोग करण्याची ताकद हरवून बसला. तोच बीसीजी. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकाच्या डाव्या दंडावर ज्याचा व्रण असतो, त्या लसीचा माणसाला दिलेला पहिला डोस मात्र सुईचा नव्हता. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये एका तान्ह्या बाळाला तो पाजण्यात आला. बाळाची आई क्षयाने गेली होती, घरात आणखी क्षयाचा रुग्ण होता. बाळ वाढले, त्याला क्षय झाला नाही आणि पुढच्या काही वर्षांत फ्रान्समध्ये लाखाहून अधिक बाळांना ही लस पाजली गेली.

मग १९३० साल उजाडले. जर्मनीतल्या ल्युबेक शहरात बीसीजी पाजलेली बाळे एकामागून एक आजारी पडू लागली. सुमारे अडीचशे बाळांना लस दिली होती. ७० हून अधिक दगावली. चौकशीत कळले की लसीच्या जंतूने उलट खाल्ली नव्हती. स्थानिक प्रयोगशाळेत क्षयाचा खरा, जहाल जंतू त्याच जागी ठेवलेला होता आणि तो लसीत मिसळला गेला होता. दोष हलगर्जीपणाचा होता, पण आईबापांच्या मनावर कोरले गेले ते एवढेच की जिवंत जंतू पाजला आणि मुले मेली. हाफकिननाही १९०२ मध्ये पंजाबातल्या मालकोवालला असेच सोसावे लागले होते. तिथे एकाच बाटलीतल्या लसीने १९ जण धनुर्वाताने गेले आणि त्या ठपक्यातून सुटायला हाफकिनना काही वर्षे लागली. लस बनवणाऱ्यांच्या पिढ्यांनी ही दोन गावे कधी विसरू दिली नाहीत. पुढे जिवंत जंतूच्या प्रत्येक नव्या लसीला जो पहिला प्रश्न विचारला गेला, त्याचे मूळ ल्युबेकमध्ये आहे: हा जंतू पुन्हा उलटणार नाही याची खात्री काय? बीसीजीही पुढे हळूहळू तोंडावाटे देणे बंद झाले आणि ती कातडीत टोचली जाऊ लागली.

तोंडाची वाट पुन्हा प्रतिष्ठित केली ती पोलिओच्या थेंबांनी. ती लस जंतूची नसून अशक्त केलेल्या विषाणूची, आल्बर्ट सेबिन यांची. १९९५ च्या डिसेंबरात देशभर पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हापासून मराठवाड्यातल्या खेड्यांनी ती मोहीम अंगाखांद्यावर वागवली आहे. किनवटच्या डोंगराळ भागातले कोलाम-गोंडांचे पाडे असोत की अहमदपूर-उदगीरकडची तांडावस्ती, रविवारी सकाळी अंगणवाडीत किंवा शाळेच्या ओट्यावर बूथ लागायचा. निळा डबा, आत बर्फाच्या पिशव्या, मधोमध कुपी. कुपीच्या लेबलावर एक जांभळट वर्तुळ आणि त्याच्या आत फिकट चौकोन. उन्हाचा ताप लागत जाईल तसा चौकोन गडद होत जातो. वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकायची. एप्रिलमध्ये पारा ४२ वर गेलेला, गावात भारनियमन आणि आरोग्यसेविका दर अर्ध्या तासाने तो चौकोन डोळ्यांजवळ नेऊन बघते आहे, हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना लस शेवटच्या घरापर्यंत नेणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. दोन थेंब तोंडात टाकायला सुई लागत नाही, डॉक्टर लागत नाही, वापरलेल्या सुयांचा ढीग मागे राहत नाही. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तोंडावाटे दिलेल्या जिवंत लसीची यापेक्षा मोठी पावती मिळणार नाही. पण त्याच मोहिमेने दुसरीही गोष्ट शिकवली, ती पुढे सांगतो.

इकडे जंतूंच्या बाजूने १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात रेने जर्मानिये यांनी मुदतीच्या तापाचा, म्हणजे टायफॉइडचा जंतू हाती घेतला. रसायनांचा मारा करून त्यांनी त्याच्या जनुकांत बिघाड घडवले आणि १९७५ मध्ये टीवाय२१ए नावाचा वाण पुढे आणला. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात शाळकरी मुलांवर त्याची मोठी चाचणी झाली. पोटातले आम्ल आधी सोड्याने शांत करायचे आणि मग लस गिळायची. तीन वर्षांच्या निरीक्षणात तिथे जवळजवळ ९६ टक्के संरक्षण दिसले. पुढे चिलीतल्या चाचण्यांत ते कमी निघाले, तरी गिळण्याची टायफॉइडची लस म्हणून ती अनेक देशांत मान्य झाली.

या यशाच्या पोटात एक अस्वस्थ करणारे कोडे होते. टीवाय२१ए दुबळा का झाला, याचे जर्मानियेंनी दिलेले कारण म्हणजे गॅलेक्टोज नावाची साखर पचवणाऱ्या जनुकातला बिघाड. १९८० च्या दशकात डेव्हिड होन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका तोच बिघाड, सोबत जंतूचे बाहेरचे एक आवरण काढून, टायफॉइडच्या जंतूत केला आणि तो मोजक्या स्वयंसेवकांना दिला. त्यांतल्या काहींना टायफॉइडसारखा ताप आला. म्हणजे टीवाय२१ए सुरक्षित होता, पण का सुरक्षित होता हे त्याच्या कर्त्यालाही पुरते माहीत नव्हते. रसायनांच्या माऱ्यात इतर अनेक बिघाड झालेले होते आणि खरे काम त्यांनी केले होते. मला हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक टप्पा वाटतो. अंदाजाने दुबळा केलेला जंतू पुरेसा नाही, एकेक जनुक मोजून काढता आले पाहिजे, हे तिथून ठरले.

ते मोजमाप दोन बाजूंनी झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ब्रूस स्टॉकर आणि सुझन हॉयझेथ यांनी १९८१ मध्ये साल्मोनेला जंतूतले अॅरोए हे जनुक काढून टाकले. ते गेले की जंतूला जगण्यासाठी असे काही पदार्थ बाहेरून लागतात जे प्राण्यांच्या शरीरात मिळत नाहीत. तो आत शिरतो, थोडे दिवस धुगधुगतो आणि उपासमारीने संपतो. दुसरे होते सेंट लुईसचे रॉय कर्टिस. त्यांची वाट आणखी मागून येते. १९७५ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या असिलोमार इथे जनुक-जोडणीच्या धोक्यांवर शास्त्रज्ञांची प्रसिद्ध परिषद भरली होती. प्रयोगशाळेतून निसटला तरी बाहेर जगू शकणार नाही असा जंतू हवा, अशी मागणी तिथे झाली. कर्टिस यांनी तो करून दिला. त्याच्या भिंतीचा एक आवश्यक घटक, डायअमिनोपिमेलिक आम्ल, त्याला स्वतःला बनवता येत नसे. ते बाहेरून घातले तरच तो जगे. माणसाच्या शरीरात हा पदार्थ नसतो. घटक संपला, जंतू विभागायला गेला, की भिंत फाटून फुटतो. १९७६ चा हा बंदोबस्त वीस वर्षांनी लसीच्या कामी येणार होता.

आता डीएनएकडे वळू. लातूरच्या शिकवणी वर्गांत बारावीची मुले जीवशास्त्राच्या पुस्तकातले एक वाक्य घोकत असतात: हिपॅटायटिस बीची लस यीस्टमध्ये बनवली जाते. म्हणजे विषाणूच्या एका प्रथिनाचे जनुक यीस्टमध्ये घालायचे, प्रथिन तिथे तयार करायचे, शुद्ध करायचे आणि टोचायचे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉन वोल्फ यांच्या गटाला एक अनपेक्षित गोष्ट दिसली. उंदराच्या स्नायूत नुसता डीएनए टोचला तरी स्नायूच्या पेशी त्यातली सूचना वाचतात आणि प्रथिन स्वतःच बनवतात. मग प्रथिनाचा कारखाना बाहेर कशाला? १९९३ मध्ये मर्क कंपनीच्या जेफ्री उल्मर, मार्गारेट लिऊ आणि सहकाऱ्यांनी फ्लूच्या विषाणूचे एक जनुक असेच टोचून उंदरांना फ्लूपासून वाचवले. डीएनए लसीचा जन्म तो. उंदरात ती उत्तम चालली. माणसात आली तेव्हा फिकी पडली, कारण टोचलेल्या डीएनएपैकी फारच थोडा योग्य पेशींच्या आत पोचतो.

पोचवणारा हवा होता. आणि तो जंतू असू शकतो हे दहा वर्षे आधीच झुरिकमध्ये दिसून गेले होते. वॉल्टर शाफनर यांनी १९८० मध्ये माकडाच्या एका विषाणूचा डीएनए जंतूत भरला, ते जंतू माकडाच्या पेशींवर सोडले आणि काही पेशींत विषाणू वाढलेला आढळला. डीएनए जंतूतून थेट पेशीत गेला होता. तेव्हा याकडे गंमतीची नोंद म्हणून पाहिले गेले. त्या नोंदीतली लस कोणालाच दिसली नाही, कारण डीएनएची लस ही कल्पनाच तोवर जन्मलेली नव्हती.

१९९५ मध्ये धागे जुळले. वॉशिंग्टनमधल्या वॉल्टर रीड सैनिकी संशोधन संस्थेत डोनाटा साइझमोर, आर्थर ब्रॅनस्ट्रॉम आणि जेराल्ड सॅडॉफ यांनी हगवणीचा जंतू शिगेला निवडला. शिगेलाचा स्वभावच आतड्याच्या पेशीत घुसण्याचा. पेशीने त्याला ज्या पिशवीत कोंडलेले असते ती फोडून तो बाहेर पडतो. त्यांनी त्याच्या भिंतीचा तोच घटक, कर्टिस यांनी काढलेला, काढून टाकला. आता हा जंतू पेशीत शिरणार, पिशवी फोडणार आणि तिथेच स्वतः फुटून पोटातला डीएनए सोडून देणार. डीएनएचे ते छोटे वर्तुळ, प्लाझ्मिड, असे रचलेले होते की त्याच्या सुरुवातीची खूण प्राण्यांच्या पेशीलाच कळावी, जंतूला कळू नये. टपालवाला पत्र घरापर्यंत आणतो, वाचत नाही, तसेच हे. उंदरांच्या नाकात आणि गिनीपिगच्या डोळ्यात केलेल्या प्रयोगांत पेशींनी ते पत्र वाचलेले दिसले.

दोन वर्षांत तोंडाची वाटही उघडली. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या जैवतंत्रज्ञान संस्थेतल्या अयुब दार्जी, कार्लोस गुझमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॉकर यांच्या पद्धतीने दुबळा केलेला साल्मोनेला घेतला, त्यात लिस्टेरिया या दुसऱ्या जंतूच्या प्रथिनाचे प्लाझ्मिड भरले आणि तो उंदरांना पाजला. उंदीर लिस्टेरियाच्या प्राणघातक मात्रेतून वाचले. आतड्याच्या अस्तरात पायर यांच्या ग्रंथी म्हणून पेशींचे पुंजके असतात. आतून जाणाऱ्या मालाचे नमुने गोळा करणे हे त्यांचे काम. साल्मोनेला नेमका तिथून आत शिरतो आणि ज्या पेशी शरीराला शत्रूची ओळख करून देतात त्यांच्याच पोटात जाऊन बसतो. सुईने दंडात टोचलेला डीएनए जिथे क्वचित पोचतो, तिथे हा जंतू आपल्या स्वभावानेच जातो. त्यानंतरच्या दहाबारा वर्षांत गोवर, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी अशा विषाणूंची जनुके शिगेला किंवा साल्मोनेलावर लादून प्राण्यांत तपासली गेली. दरवेळी उंदरांत आशा दिसे आणि पुढची पायरी कठीण जाई.

का कठीण जाई, याचे उत्तर शोधण्यात रॉय कर्टिस यांची उरलेली कारकीर्द गेली. आतड्यात जाण्याआधी जठरातले आम्ल आणि पित्त झेलायचे म्हणजे जंतूत दम हवा. फार दुबळा केला तर तो वाटेतच मरतो, कमी दुबळा केला तर आजार देतो. यावर कर्टिस यांनी काढलेला तोडगा मला अतिशय सुंदर वाटतो. भिंत बांधणारी जनुके त्यांनी अरॅबिनोज या साखरेच्या ताब्यात दिली. प्रयोगशाळेत साखर भरपूर, म्हणून जंतू धट्टाकट्टा वाढतो आणि पूर्ण ताकदीने आत शिरतो. शरीरात ती साखर त्याला मिळत नाही. दर विभागणीगणिक भिंत झिजत जाते आणि काही पिढ्यांनी जंतू आपोआप फुटतो. २०१२ मध्ये अॅरिझोना स्टेट विद्यापीठात वेई काँग, कर्टिस आणि सहकाऱ्यांनी अशा स्वतःला संपवणाऱ्या साल्मोनेलात फ्लूच्या विषाणूच्या प्रथिनाचे प्लाझ्मिड घातले. जंतू पेशीतल्या पिशवीतून लवकर सुटावा आणि फुटताना त्याच्याच विकरांनी डीएनए कापून टाकू नये, म्हणून आणखी दोन जनुके काढली. ही लस पाजलेले उंदीर प्राणघातक फ्लूतून बचावले. मागे जिवंत जंतू उरत नाही, प्लाझ्मिड टिकवायला प्रतिजैविकरोधी जनुकाचा आधार लागत नाही. उघड्या गटारी आणि शौचास बाहेर जाण्याची सवय असलेल्या वस्त्यांत अशी लस कधी द्यायची झाली, तर या दोन गोष्टी अत्यंत मोलाच्या आहेत.

माणसापर्यंत हे तंत्र आधी आले ते मात्र विषाणूसाठी नव्हे. हायडेलबर्गमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना टीवाय२१ए जंतूवर लादलेली डीएनए लस पाजून पाहिली गेली. गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांवर शरीराने हल्ला करावा, हा तिचा हेतू. जुना, लाखो लोकांनी गिळलेला जंतू वाहक म्हणून चालतो आणि माणसाला सोसतो, एवढे त्यातून दिसले. कोविडच्या काळात कॅनडातल्या सिमव्हिवो कंपनीने आतड्यातल्याच एका निरुपद्रवी जंतूवर कोरोनाच्या काट्याचे जनुक चढवून तोंडावाटे द्यायची लस चाचणीला आणली होती. बाजारात ती आली नाही.

त्याच काळात भारताने डीएनए लसीच्या इतिहासात आपले नाव लिहिले. २० ऑगस्ट २०२१ रोजी अहमदाबादच्या झायडस कॅडिलाच्या झायकोव्ह-डी लसीला आपत्कालीन मंजुरी मिळाली. माणसांसाठी मंजूर झालेली जगातली ती पहिली डीएनए लस. २८ हजारांहून अधिक स्वयंसेवकांवर चाचणी, २८ दिवसांच्या अंतराने तीन डोस, सुईऐवजी दाबाने कातडीत सोडणारे यंत्र. केंद्राने एक कोटी डोस मागवले आणि महाराष्ट्राने त्यासाठी नाशिक आणि जळगाव हे जिल्हे निवडले. लस लोकांपर्यंत पोचेपर्यंत साथीचा जोर बदलला होता आणि तिची गरज विरत गेली. या लसीतला डीएनए ई. कोलाय जंतूतच वाढवलेला असतो. जंतूंचे पीक काढायचे, ते फोडायचे, डीएनए शुद्ध करायचा, बाटलीत भरायचा आणि मग यंत्राने माणसाच्या कातडीत सोडायचा. साइझमोर आणि काँग यांचा विचार या साऱ्या पायऱ्या गाळून जंतूलाच पाठवण्याचा होता. किमतीचा खरा फरक तिथे आहे. झायकोव्ह-डीचा एक डोस, यंत्राच्या खर्चासह, सरकारला ३५८ रुपयांना पडला. जंतू टाकीत वाढवून, गोठवून सुकवून कॅप्सूलमध्ये भरण्याचे तंत्र टायफॉइडच्या लसीने कधीच सिद्ध केले आहे. थंड साखळी त्यालाही लागते, ही मर्यादा मान्य केली पाहिजे.

आता पोलिओने शिकवलेली दुसरी गोष्ट. वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन १९७० च्या दशकापासून सांगत होते की युरोप-अमेरिकेत तीन डोसांत जमणारे काम पोलिओचे थेंब इथल्या मुलांत तीन डोसांत करत नाहीत. म्हणून आपल्या मुलांना ते पुन्हापुन्हा पाजावे लागले. पटकीच्या एका जिवंत तोंडी लसीने अमेरिकी स्वयंसेवकांत उत्तम संरक्षण दिले, आणि १९९० च्या दशकात जकार्तातल्या मोठ्या चाचणीत तीच लस जवळजवळ निष्प्रभ ठरली. वारंवारचे जुलाब, कुपोषण, आतड्यात आधीच वसलेले इतर जंतू, आईच्या दुधातली प्रतिद्रव्ये अशी कारणे सांगितली जातात. त्यांचा नेमका हिशेब अजून लागलेला नाही. म्हणून मला ठामपणे वाटते की जंतूवाहित लस हायडेलबर्ग किंवा अॅरिझोनात यशस्वी ठरल्याने आपले काही ठरत नाही. ती मुखेड-देगलूरच्या, निलंगा-औशाच्या मुलांच्या आतड्यात काय करते, हे इथेच तपासावे लागेल. हे काम बाहेरचे कोणी आपल्यासाठी करणार नाही.

माणसांच्या आधी हा मार्ग कदाचित कोंबड्यांच्या खुराड्यातून जाईल. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्यांवर मर आली. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले. त्याच सुमारास लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूर तालुक्यात केंद्रेवाडीतही पक्षी मेले. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे पडू लागले आणि पुन्हा तेच निदान आले. शासनाचा नियम ठरलेला: बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतले पाळीव पक्षी मारायचे, पुरायचे, अंडी आणि खाद्य नष्ट करायचे. भरपाई मिळते, पण गावरान कोंबड्यांवर वरखर्च भागवणाऱ्या बाईचे पुढचे कित्येक महिने त्या खड्ड्यात जातात.

तोंडावाटे जिवंत लस हे कोंबडी पाळणाऱ्यांना नवे नाही. राणीखेत रोगासाठी लासोटा लस पाण्यातून देतात: पक्ष्यांना दोन तास पाण्यावाचून ठेवायचे, मग दूध पावडर विरघळवलेल्या थंड पाण्यात लस मिसळून भांडी मांडायची, तहानलेले पक्षी सगळे पाणी संपवतात. कर्टिस यांच्या दुबळ्या साल्मोनेलाची, केवळ साल्मोनेलाविरुद्धची, लस अमेरिकेत पिल्लांसाठी १९९० च्या दशकाअखेरीसच मंजूर झाली. असाच दुबळा साल्मोनेला बर्ड फ्लूच्या जनुकाचा वाहक करून कोंबड्यांवर तपासण्याचे प्रयोग चीनमध्ये झाले आहेत. या लसीचा आणखी एक फायदा आहे. बर्ड फ्लूवर लस द्यायला देश कचरतात, कारण लस दिलेला पक्षी आणि लागण झालेला पक्षी रक्ततपासणीत वेगळे ओळखू येत नाहीत आणि विषाणू लपून पसरतो. डीएनए लसीत विषाणूच्या एकाच प्रथिनाचे जनुक असते. दुसऱ्या प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली, की तो पक्षी लागणीचाच.

आडवा येतो तो साल्मोनेलाच. अंड्यातून, मांसातून माणसाला जुलाब लावणारा हाच जंतू. त्याचा दुबळा वाण पिल्लाला पाजल्यावर विष्ठेत किती दिवस दिसतो, अंड्यात उतरतो का, खुराड्याच्या मातीत टिकतो का, हे मोजल्याशिवाय जनुकबदल केलेल्या जीवांसाठीच्या १९८९ च्या नियमांखालच्या समित्या परवानगी देणार नाहीत आणि देऊही नये. हे मोजायला बंदिस्त खोल्या, काटेकोर नोंदी आणि पक्ष्यांची जाण असलेली माणसे लागतात. उदगीर आणि परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात जीवशास्त्राचे संकुल आहे. बर्ड फ्लूचा विषाणू भोपाळसारख्या बंदोबस्तातल्या प्रयोगशाळेतच हाताळावा लागेल. पण वाहक जंतू सुरक्षित आहे की नाही, हा पहिला अर्धा भाग त्याच्याशिवाय तपासता येतो आणि त्याची सुरुवात इथल्या गावरान पिल्लांपासून करता येईल.